सौद्यावरचा रुमाल

मी रुमाल बोलतोय. घाम पुसायला मला कधीच कुणी घेतलं नाही. कापडाच्या दुकानातून निघालो तो थेट घाऊक बाजारात, एका दलालाच्या खांद्यावर. वाटलं होतं, मिरवायला मिळेल. वाट्याला आलं झाकणं.

दलाल आणि व्यापारी हातात हात देतात, वर मला टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. ज्याचा माल, तो समोर उभा राहून नुसता माझ्याकडे बघतो. व्यापारी तीन बोटं दाबतो, दलाल दोनाचाच भाव पुकारतो. उरलेलं बोट दोघं वाटून खातात. वर म्हणतात, बाजार पडलाय. बाजार पडत नाही हो, पाडतात!

एकदा एक बाई दिराला घेऊन लसूण विकायला आली. सावलीत वाळवलेला, निवडलेला, टपोरा लसूण. दलालानं गड्डा फोडून नाक मुरडलं, मला हातावर टाकलं आणि दोनाचा भाव पुकारला. हात सुटायच्या आत तिनं माझ्याखाली हात घालून दोघांची बोटं पकडली.

"बोटांनी बोललात ते तोंडानं बोला."

दलाल म्हणाला, ही बाजाराची रीत आहे, बायकांना नाही कळायची. दीर तिच्या कानाशी लागला, "वहिनी, जाऊ दे. पुढच्या खेपेला याच दारात यायचंय."

"माल माझा, आणि पडदा माझ्यापासूनच?" असं म्हणून तिनं मला ओढून जमिनीवर फेकलं. दलालाच्या मुठीत व्यापाऱ्याची तीन बोटं होती. सगळ्यांनी पाहिली.

मग व्यापाऱ्यांची एकी झाली. तिच्या लसणाकडे कुणी फिरकेना. शेजारचे शेतकरी माना खाली घालून आपापल्या पोत्यांची तोंडं सोडत राहिले. शेवटी तिनं माल परत गाडीत चढवला.

पुढे दीर स्वतःचे बटाटे घेऊन आला, तेव्हा कळलं. वहिनीनं गल्लोगल्ली हिंडून अर्धा लसूण मनासारख्या भावानं विकला, अर्ध्याला कोंब फुटले. एवढं सांगून तो बाजूला झाला, आणि दलालानं मला हातावर टाकताच त्यानं चक्क तोंड फिरवलं.

आज माझा रंग उडालाय, कडा उसवल्यात, काम तेच आहे. दलालाचा राग येतोच. पण बघूनही न बघितल्यासारखं करणाऱ्यांचा जास्त येतो. अरे, मी हातभर कापड आहे, भिंत नाही! एकटीनं ओढलं म्हणून तिला वाळीत टाकता आलं. सगळ्यांनी मिळून ओढा. फाटलो तरी चालेल.