गौरवीचं रक्त
नार्व्याच्या चंद्रावतीला लग्नानंतर सात वर्षांनी गौरवी झाली. खाणीवर ट्रक चालवणारा तिचा नवरा महादेव घरी आला की आधी पोरीला उचलायचा, मग हातपाय धुवायचा.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलात नऊ वर्षांची गौरवी काजूच्या झाडावरून पडली. मांडीचं हाड बाहेर आलं. इस्पितळात रक्त लागेल म्हणताच महादेवाने बाही वर केली.

"तुमचं चालणार नाही," रक्त तपासणारा म्हणाला. "तुमचं एबी, मुलीचं ओ. दत्तक घेतलीय का?"

"माजांच चेडू तां."

"एबी बापाचं मूल ओ होत नाही. बापाकडून ए नाही तर बी, एक काहीतरी येतंच." महादेवाचा चेहरा पाहून त्याने दोघांचं रक्त पुन्हा तपासलं. तेच निघालं.

दुसऱ्या कुणाचं तरी रक्त मिळून गौरवी वाचली. पण महादेव चंद्रावतीने वाढलेलं ताट बाजूला सारू लागला.

"कोणाचां तां?" त्याने एकदाच विचारलं.

"तुमचांच."

गौरवी लंगडत जवळ आली की तो उठून बाहेर जायचा.

चंद्रावतीने परक्या पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. मग चूक प्रसूतिगृहातच झाली असणार. गौरवी झाली त्या सकाळी शेजारच्या खाटेवर हरमलची मालती बाळंत झाली होती आणि दोन्ही पोरींना एकाच बाईने न्हाऊ घालून आणलं होतं. ते प्रसूतिगृह कधीच बंद पडलं होतं. चंद्रावती बस धरून हरमलला गेली.

मालतीच्या अंगणात एक मुलगी कोळंबी वाळत घालत होती. रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया. थेट महादेवच.

मालतीने चंद्रावतीला ओळखलं, चहा दिला. "घोव गेल्या वर्सा गेलो," ती म्हणाली. "आता ह्या चेडवाचोच काय तो आधार."

सगळं चंद्रावतीच्या ओठांवर आलं होतं. बोलली असती तर तिच्यावरचा डाग धुऊन निघाला असता. पण महादेवाने आपली मुलगी मागितली असती, आणि गौरवीला या अंगणात आणून सोडावं लागलं असतं. तिने चहा संपवला, त्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि परतीची बस धरली.

महादेव दारातच होता. "खंय गेल्लंस?"

"हरमलाक."

"थंय कोण आसा तुजो?"

ती गप्प राहिली. महादेवाला उत्तर मिळालं. गोवा राज्य झालं त्याच आठवड्यात तो ट्रंक घेऊन खाणीवरच्या खोलीत राहायला गेला, तो कायमचा.

गावात कुजबुज चालूच राहिली. सोळाव्या वर्षी ती गौरवीच्या कानावर आली.

"आई, खरां सांग. माजो बापूस कोण?"

"महादेव."

गौरवीने आपली वळकटी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली. त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलायची.