पन्नास पावलांची शिक्षा

सणसरच्या हिंदुरावानं पलटणीत पंधरा वर्षं काढली, पण लढाई म्हणावी तशी त्याच्या वाट्याला आलीच नाही. साहेबांनी त्याला सामानाच्या गोदामावर नेमलं होतं. त्याची सगळी हौस भागली ती फुटबॉलच्या मैदानावर. तो सेंटर हाफ खेळायचा. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं आणि समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. चेंडू अडला तर उत्तम, नाहीतर माणूस तरी अडलाच पाहिजे, हा त्याचा नेम. बूट घातलेले गोरे गडीसुद्धा या अनवाणी मराठ्याला वळसा घालून जायचे. अंबाल्याला त्याचे पुढचे दोन दात गेले आणि सिकंदराबादला करंगळी वाकडी झाली, पण हिंदुराव काही सरळ झाला नाही.

खडकीच्या एका सामन्यात पंचानं त्याच्याविरुद्ध शिट्टी फुंकली. हिंदुराव शांतपणे चालत गेला, पंचाच्या कमरेला मिठी घातली, त्याला उचललं आणि रेषेच्या बाहेर नेऊन ठेवलं. "हळूच ठेवला, आपटला न्हाय," असं तो पुढं कित्येक वर्षं सांगायचा. साहेबानं मात्र हळूच आणि जोरात असा फरक केला नाही. हिंदुरावाचा खेळ त्या दिवशी बंद झाला. दीड वर्ष गोदामातली घोंगडी मोजून १९५४ साली तो पेन्शनीत निघाला आणि गावी आला.

गावी त्याला करायला काहीच नव्हतं. पंधरा वर्षं शेत बायकोनं, कौसल्येनं सांभाळलं होतं, आणि ते नीट चाललं होतं. हिंदुरावानं पहिल्याच आठवड्यात कालव्याच्या पाटकऱ्याची गचांडी धरली. पाटकऱ्यानं त्यांची पाण्याची पाळी दोन दिवस पुढं ढकलली.

"अवं, पाटाचं पानी भांडून येत न्हाय, पाळीनं येतं," कौसल्या म्हणाली. "तुमी आपलं घरी बसा. मी बगते शेताचं."

घरी बसून हिंदुराव वाटेत येईल त्याला लाथ मारायचा. शेणाची पाटी, कांद्याचं पोतं, एकदा तर चुकून पितळी घंगाळ. तेव्हा तो आठ दिवस लंगडला.

दोन वर्षांनी यातून त्याला सोडवलं आप्पांनी. आप्पा नव्या सहकारी साखर कारखान्यात मुकादम होते. कारखान्यात विशी-बाविशीचे तगडे गडी कामाला होते, आणि सुट्टीच्या दिवशी ते एकमेकांची डोकी फोडायचे. आप्पा एका सकाळी घरी आले.

"हिंदुराव, बारामतीला पंधरा ऑगस्टला फुटबॉलचे सामने असतात. आपला संघ उभा करा."

"खेळलंय का कोन त्यांच्यातलं?"

"कुस्ती खेळलेत. कबड्डी खेळलेत."

"मंग पायाचं काय?"

"पाय हायत की दोन-दोन," आप्पा म्हणाले.

त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर हिंदुरावाची शाळा भरली. पहिल्या दिवशी बारा जणांनी मिळून चेंडू हातात धरला आणि मानसिंगनं तो पोटाशी घेऊन हातापायांवर ओणवा बसून राखला. मानसिंग हा वजनकाट्यावर काम करणारा पैलवान, मान बैलासारखी आणि राग त्याहून मोठा. हिंदुरावाला तो बघताक्षणी आवडला. पण हात सोडवायचे कसे? हिंदुरावानं उसाच्या कांड्या आणल्या आणि प्रत्येकाच्या दोन्ही काखांत एक-एक दिली. काखेतलं कांडं पडलं की माळाला एक फेरी. महिनाभर सणसरचे पैलवान काखेत ऊस धरून बदकासारखे धावत होते आणि जाणारे-येणारे गाड्या थांबवून बघत होते. महिन्यानं हात विसरले, पाय चालायला लागले. खेळ संपला की ती कांडी सगळे तिथंच बसून खायचे.

शिकवताना हिंदुरावाचं एकच सूत्र होतं. एक लाथ खाल्ली की दोन द्यायच्या.

सूत्र पोरांनी चटकन उचललं, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. पिंपळीच्या संघाशी पहिला सामना झाला तेव्हा हिंदुराव तीन वेळा मैदानात शिरला. इंदापूरला तर तो शिरला तो बाहेरच येईना. पंचाला तो नियम समजावून सांगत होता, पंच त्याला समजावत होता, आणि त्या गडबडीत दोन्हीकडचे गडी एकमेकांना भिडले. सामना तिथंच मोडला.

पंच होते मोहनराव. बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. काटकुळा माणूस, काखेत कायम छत्री. त्यांनी आप्पांना एक पत्र धाडलं. पंधरा ऑगस्टला सणसरचे शिक्षक रेषेपासून पन्नास पावलांच्या आत दिसले, तर सणसरनं सामना सोडला असं समजण्यात येईल.

हे पत्र हिंदुरावाला कोण सांगणार? संघ आप्पांकडं बसला. मानसिंग म्हणाला, मी सांगत न्हाय. भीमा नावाचा डावीकडं खेळणारा सडसडीत गडी म्हणाला, मी तर मुळीच न्हाय. शेवटी सगळे मिळून कौसल्येकडं गेले.

कौसल्येनं हिंदुरावाला जेवायला वाढलं आणि मगच सांगितलं.

"पोरं म्हनत्यात, सामन्याला लांब बसा."

हिंदुरावाचा घास हातातच राहिला. "मोहनराव म्हनतोय का पोरं म्हनत्यात?"

"मोहनरावांनी लिवलंय. पन पोरांनाबी तसंच वाटतंय."

"मी शिकवलं त्यांना."

"म्हनून तर. त्यांना खेळायचंय. तुमी आत आलात की त्यांचं ध्यान तुमच्याकडं जातं."

हिंदुराव ताटावरून उठला. तीन दिवस तो माळाकडं फिरकला नाही. पाठीत लाथ बसली असती तर त्याला तिचं उत्तर ठाऊक होतं, याचं ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी माळावर कुणाच्या तरी शिट्टीचा आवाज आला. पोरं आपली आपणच काखेत कांडी धरून धावत होती. तो जरा वेळ बांधावरून बघत राहिला आणि मग खाली उतरला.

"भीमा, कांडं पडलं तुजं," एवढंच बोलला.

पंधरा ऑगस्ट १९५७. बारामतीत समोर इंदापूरचाच संघ आला, आणि पंचही मोहनरावच. मैदानाच्या एका अंगाला छोट्या गाडीच्या रुळाचा भराव होता. हिंदुरावानं रेषेपासून पावलं मोजली, बावन्न भरली. वर जाऊन तो रुळालगत बसला. शेजारी कौसल्या, ताकाचा हंडा घेऊन.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत हिंदुराव सात वेळा उठला, सातही वेळा कौसल्येनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. मग हळूहळू तो बसायला लागला. इतकी वर्षं त्यानं फुटबॉल पाहिला होता तो फक्त समोरच्या माणसाच्या नडगीएवढा. वरून बावीसच्या बावीस माणसं एकदम दिसत होती. इंदापूरनं एक गोल केला तरी तो ओरडला नाही. भुवया आवळून बघत राहिला.

"अगं, त्यांची समदी मान्सं एकाच अंगाला धावत्यात," तो म्हणाला. "आन आपनबी तिकडंच घुसतोय. डावीकडं भीमा एकटाच हुबा हाय. गावजेवनाला आल्यावानी."

"मंग सांगा की."

"कसं सांगू? पन्नास पावलं."

मध्यंतराची शिट्टी झाली. कौसल्येनं हंडा उचलला, भराव उतरली, आणि गड्यांना ताक देता-देता हिंदुरावाचा निरोप आपल्या भाषेत सांगितला.

"समदं पानी एकाच वाफ्यात सोडताय व्हय? डावीकडचा वाफा कोरडा पडलाय. दारं तिकडं मोडा."

फुटबॉल कळायला वेळ लागला असता, पण पाणी सगळ्यांना कळत होतं. खेळ पुन्हा सुरू होताच मानसिंगनं चेंडू डावीकडं दिला, भीमा सुटला तो थेट जाळ्यापर्यंत. बरोबरी झाली. हिंदुरावानं गपकन कौसल्येचा हात धरला, आणि लाजून सोडला.

मग मानसिंगला लाथ बसली. नडगीवर, सरळ. तो लोळला आणि उठला तो मुठी वळूनच. त्याच वेळी स्टेशनाकडून इंजिनानं शिट्टी दिली. दौंडची गाडी निघाली होती आणि हिंदुराव रुळालगत उभा होता. मैदानाच्या बाजूला उतरावं तर पन्नास पावलं मोडतात. कौसल्या झटकन त्या बाजूला उतरली. हिंदुरावानं एकदा मैदानाकडं पाहिलं आणि उलट्या बाजूला उडी मारली.

गाडी आली, आणि सिग्नल पडला नाही म्हणून तिथंच उभी राहिली. हिंदुराव एका डब्याच्या पायरीवर चढला. मैदानाकडच्या खिडकीत कोंबड्यांची डालगी मांडीवर घेऊन एक म्हातारा बसला होता.

"पावनं, जरा डोकं बाजूला घेता का?" हिंदुराव म्हणाला. त्याचे हात जोडलेले होते.

"जागा न्हाय हितं."

"जागा नगं. पलीकडं सामना चाललाय, तेवढा बगायचाय."

"मला दौंडला जायाचंय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं डालगी खिडकीला लावली.

पलीकडून प्रचंड आरडाओरडा उठला. गोल झाला होता, पण कुणाचा? हिंदुरावानं कोंबड्यांमधून पाहायचा प्रयत्न केला. एवढ्यात गाडी हलली आणि त्याला उतरावं लागलं. शेवटचा डबा सरकला तेव्हा मैदानात माणसांची नुसती गर्दी होती. सामना संपला होता. कौसल्या भराव चढून येत होती.

"मानसिंगनं मारलं का त्याला?" हिंदुरावानं आधी हे विचारलं.

"न्हाय. तो लंगडत मोहनरावांकडं गेला. म्हनला, सायेब, तुमाला दिसलं का? ते म्हनले, न्हाय. ह्यो म्हनला, मंग ऱ्हाऊ द्या. आन गेला खेळायला."

"दिसलं न्हाय? येवढी लाथ?" हिंदुराव उसळला, मग आपला आपणच खाली बसला. बसूनच म्हणाला, "गोल कोनी केला?"

"इंदापूरवाल्यानं."

"म्हंजे हरलो."

"कुठं हरलो? त्यानं त्यांच्याच जाळ्यात घातला. भीमा आला म्हनून समदी डावीकडं पळाली, आन चेंडू त्यांच्याच गड्याच्या गुडघ्याला लागून आत."

"गुडघ्याला न्हाय लागनार. मांडीला लागला असंल."

"तितं कोन होतं, तुमी का मी?"

तेवढ्यात मोहनराव छत्री टेकत भराव चढून आले.

"हिंदुराव, पुढच्या वर्षी तुम्ही रेषेजवळ बसायला हरकत नाही."

"नगं, मास्तर. हितनं दिसतंय," हिंदुराव म्हणाला.

तेव्हापासून कुठल्याही गावी गेला की हिंदुराव आधी उंच जागा शोधायचा. कधी उसाची भरलेली गाडी, पळसदेवला देवळाचा चौथरा. दोन वर्षांत त्याचं नाव एवढं झालं की इंदापूरकरही त्याला मंगळवारी शिकवायला बोलवू लागले, आणि तो जाऊ लागला. मग १९५९ साली सणसर आणि इंदापूर पुन्हा समोरासमोर आले. मध्यंतराला हिंदुरावानं कौसल्येला सणसरचा निरोप सांगितला, आणि लगोलग इंदापूरचाही सांगितला.

कौसल्येनं हंडा कमरेवर घेतला. "मी सणसरला सांगते. ताक आपलं हाय."

"आन इंदापूरला कोन सांगनार?"

"त्यांना म्हनावं, ताक घेऊन या," कौसल्या म्हणाली आणि खाली उतरली.