मरियाबाईंच्या हातचा केक

“आई, हात नका लावू, तापलंय ते!” सून पुष्पावती ओरडली.

मरियाबाईंनी हात मागं घेतला. तापलंय हे त्यांना कळत होतंच की! चाळीस वर्षं विस्तवाशी खेळलेला हात तो. पण हे नवं प्रकरण ना धूर काढत होतं, ना तडतडत होतं. ॲल्युमिनियमचा गोल डबा, मागं काळी वायर आणि झाकणात मधोमध वाटोळी काच. मुलानं, योहाननं, पुण्याहून आणलेला विजेचा ओव्हन. उद्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा, साठ माणसं जेवायला. तेव्हा आज दोन अंड्यांचा लहानसा केक करून यंत्राची परीक्षा घ्यायची, असं ठरलं होतं. परीक्षा यंत्राची, पण ती आपलीच आहे असं मरियाबाईंना वाटत होतं.

बेलापूरच्या ख्रिस्ती वस्तीत लग्न ठरलं की लोक पाद्रीसाहेबांच्याही आधी मरियाबाईंकडे यायचे. तरुणपणी त्या मिशनच्या मडमेकडे स्वयंपाकाला होत्या, तिथंच शिकल्या. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, तीत केकचा डबा ठेवायचा, वर ताट झाकायचं आणि ताटावर निखारे. कुणी मधेच ताट उचलून बघायला गेलं की बाई खवळायच्या. “सारकं सारकं काय उघडतीस गं? देवानं नाक दिलंय का न्हाई?” आता कडा धरल्या, आता मधलं राहिलंय, हे त्या नुसत्या वासावरून सांगत. वस्तीत एकही लग्न असं नसेल की ज्यात त्यांचा केक कापला गेला नाही.

आणि आता वर्षभरापासून डोळे चालले होते. उजवा तर गेल्यात जमा होता. डाव्याला समोर माणूस उभा आहे एवढं कळे, त्याचं तोंड दिसत नसे. गुडघे दाखवायला म्हणून त्या एकट्याच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याची नस वाळत चाललीय, ऑपरेशनचा उपयोग नाही. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर? “आई, तू बस आता,” म्हणाले असते. किती मायेनं म्हणाले असते! आणि एकदा बसवलेल्या बाईला केक करायला कोण बोलावतं?

मग तांदळातले खडे बोटांनी, माणसं पावलांवरून, असं करत त्यांनी वर्ष रेटलं. मध्यंतरी ताटावरचा निखारा पायावर पडला, टम्म फोड आला. तेव्हा “पदर अडकला रे,” म्हणून वेळ मारून नेली. त्या फोडापायीच योहाननं हा ओव्हन आणला होता. साखर कारखान्यातला फिटर तो, यंत्रावर त्याचा भारी जीव. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आईचं वय झालं, निखारे झेपत नाहीत.

“अंडी तुम्हीच फेसा आई. मला नाही जमत तुमच्यासारखं,” पुष्पावती मघाशी म्हणाली होती. नगरची शिकलेली पोर, पण सासूचा मान ठेवून होती. मरियाबाईंनी तासभर अंडी फेसली, लोणी-साखर घोटली, मैदा घातला. हाताला डोळे लागत नाहीत. पुष्पावतीनं मिश्रण डब्यात ओतलं होतं आणि ओव्हन रिकामाच तापत ठेवला होता.

दहा मिनिटांनी तिनं झाकण उचललं, केकचा डबा हातात घेतला आणि तेवढ्यात बाहेर झोळीतलं बाळ किंचाळून रडायला लागलं. “आले रे, आले!” डबा तसाच पाटावर टेकवून, ओव्हनवर झाकण टाकून ती पळाली. मरियाबाईंना ऐकू आला तो डब्याचा आणि झाकणाचा आवाज. गेला केक आत, असं त्यांनी धरलं. केक आचेवर चढला की त्या नेहमी करत तशी दोन ओळींची प्रार्थना पुटपुटल्या आणि समोर बसल्या.

वेळ गेला. वास येईना.

आणखी वेळ गेला. नुसता तापल्या पत्र्याचा वास. लोण्याचा नाही, अंड्याचा नाही. नाक त्यांना खरं तेच सांगत होतं, की बाई गं, इथं काही भाजत नाहीये. पण डोळे जायला लागले की माणसाचा स्वतःवरचाच भरवसा उडतो. आता नाकही गेलं की काय?

सायकल भिंतीला लावून योहान आत आला. “काय आई, फुगला का? बघ की काचेतनं! मुद्दाम काचेचा आणलाय तुझ्यासाठी.”

बघणं भाग होतं. त्या काचेवर वाकल्या. पांढुरक्या धुक्याशिवाय काही नव्हतं.

“लई झ्याक फुगलाय रे,” त्या म्हणाल्या. “कडंनं लाल व्हायला लागलाय बघ.”

योहान हसत पुढं झाला, वाकला, आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. ओव्हन रिकामा होता. केकचा डबा पाटावर, त्याच्या पायाशी, कच्च्या पिवळ्या मिश्रणानं भरलेला. पुष्पावती बाळाला घेऊन दारात आली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

“आई,” योहान खाली बसला. “कवापासनं?”

“कशाचं कवापासनं?”

“दिसत न्हाई तुला.”

मरियाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “वरीस झालं.”

“मग सांगायचंस की गं! मी काय परका हाय?”

“सांगून काय, तू नवी नस आननार हुतास?” त्यांनी आवाज चढवला आणि लगेच तो बसला. चाचपडत त्यांनी त्याचं मनगट धरलं. “मला चुलीपुढनं उठवू नको रे योहान. तेवढं एक करू नको.”

योहान रडत होता, आणि निदान हे आईला दिसत नाही असं त्याला वाटत होतं. तिला ते मनगटावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंडी मरियाबाईंनीच फेसली. बाकीचं सगळं पुष्पावतीनं केलं, काचेत बघत, तीन खेपांत. नवरा-बायकोचं आधीच ठरलं होतं, कुणापाशी बोलायचं नाही.

बाप्तिस्मा झाला, जेवणं झाली, केक वाटला. जो तो म्हणत होता, “मरियाबाई, तुमचा हात म्हंजे हात!” पलीकडच्या आळीतली दीना त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसली. “थोरलीचं ठरलं बगा. मे म्हयन्यात लगीन. केक तुमच्याच हातचा पायजे, आत्ताच सांगून ठेवते.”

“करतील की आई!” बशा गोळा करत असलेली पुष्पावती घाईघाईनं म्हणाली.

सुनेची माया मरियाबाईंना समजली, आणि तीच सोसवेना.

“दीना, हितनं पुढं हिलाच सांगत जा,” त्या म्हणाल्या. “आजचा बी हिनंच केलाय. मला दिसत न्हाई आता.”

“चला, कायतरीच तुमचं!”

“खरंच दिसत न्हाई, बाई.”

दीनाचा चेहरा पडला. ती चुळबुळली, “देव हाय, देव हाय,” म्हणाली. मग उठून पुष्पावतीजवळ गेली, आणि दोघी हळू आवाजात तारीख, माणसं, किती अंडी लागतील, असं बोलायला लागल्या.

मरियाबाईंनी आपल्या बशीतला केक तोंडात घातला. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं, मधे थोडा कच्चा असावा. कच्चा नव्हता. चांगला झाला होता, अगदी हवा तसा. त्यांनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग रिकामी बशी कुठं ठेवावी हे कळेना, म्हणून ती दोन्ही हातांत धरून, कुणीतरी घ्यायला येईल याची त्या वाट बघत राहिल्या.