दोरीच्या आत

"नीट बघा, जैनोद्दीन मास्तर. दोरीच्या आत काय दिसतं?"

"गवत, जनाब."

"आणखी?"

"माती."

भोवती उभे असलेले जिल्ह्याभरातले मास्तर गालातल्या गालात हसले. जैनोद्दीन मास्तर पन्नाशीला टेकलेले, अंगात शेरवानी, आणि भर माळावर गुडघे टेकून बसलेले. हसू येण्यासारखंच होतं ते.

प्राथमिक शाळांत सायन्स नीट शिकवलं जावं म्हणून सरकारनं मास्तरांना ट्रेनिंगला बोलावलं होतं. हुकमात गावाचं नाव उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. शिकवायला आलेले हुसैनी साहेब बूट घालणारे होते, पण त्या बुटांसकट खुशाल धुळीत फतकल मारायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांची पुस्तकं मिटायला लावली, प्रत्येकाच्या हातात अंबाडीची दोरी दिली आणि शहराबाहेरच्या माळावर आणलं. दोरीचा चौकोन जमिनीवर टाकायचा आणि त्याच्या आत जे दिसेल तेवढंच सांगायचं, हा त्यांचा धडा.

"आणखी वाका," हुसैनी साहेब म्हणाले.

मास्तर वाकले. नाक जवळजवळ जमिनीला लागलं तेव्हा त्यांना दिसलं की एक मुंगी आपल्याहून मोठं कुसळ ओढत चालली आहे. तिच्या वाटेवर बोटभर उंचीचं एक रोप होतं, त्याच्या पानाच्या पाठीला कुणीतरी बारीक अंडी घातली होती. मास्तरांना एकदम भडभडून आलं. माकणीच्या शाळेत केस पिकेपर्यंत त्यांनी उर्दू पुस्तकातून 'पौधा', म्हणजे रोप, शिकवला होता. पुस्तकात कुठल्याशा विलायती फुलाचं चित्र होतं. ते फूल पोरांनी पाहिलेलं नव्हतं, मास्तरांनीही नव्हतं. तरी पोरं त्याचे भाग घडाघडा म्हणत आणि मास्तर "बराबर" म्हणत. इतकी वर्षं पोरांना जमिनीवर बसवलं, पण जमीन काही दाखवली नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

शेवटच्या दिवशी हुसैनी साहेबांनी एक युक्ती शिकवली. "उस्तादानं मुद्दाम चुकीचं सांगायचं. पोरानं जमिनीकडं बघून चूक काढायची. काढली की भर वर्गात शाबासकी द्यायची. ज्या दिवशी पोर न भिता तुमची चूक काढील, त्या दिवशी समजा सायन्स आलं."

"आमच्या चुका पोरं काढाया लागली तर गाव काय इज्जत ठिवंल आमची?" कुणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला. जैनोद्दीन मास्तर हसले नाहीत. दोरीची गुंडाळी करून त्यांनी ती शेरवानीच्या खिशात घातली.

घरी बायकोनं, रजियाबीनं, ती गुंडाळी पाहिली. "क्या जी, ट्रेनिंग को गए थे या रस्सी बटने को?"

"देखना तू," मास्तर म्हणाले. या वयात नवऱ्याच्या चेहऱ्यावर असलं हसू तिनं बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

त्या साली ज्वारी नामी आली होती, आणि माकणीला नेमकी त्याचीच धास्ती होती. महायुद्धाच्या दिवसांत सुरू झालेली लेव्ही लढाई संपली तरी संपली नव्हती. गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, यायचा, उभ्या पिकात दोरी टाकून अंदाज काढायचा, आणि त्या अंदाजानं धान्य सरकारात भरावं लागायचं. पीक बरं दिसलं की घरच्या कणग्या रिकाम्या. म्हणून जो तो आपलं पीक बुडाल्याचं रडगाणं आधीपासूनच गात होता. मास्तरांना ना शेत ना बैल. महिन्याचा पगार आणि पुस्तक, एवढाच त्यांचा संसार. उभ्या ज्वारीत दोरी कशासाठी पडते, हे गावातल्या कुठल्याही बाईनं झोपेत सांगितलं असतं. मास्तरांच्या मात्र ते डोक्यातही आलं नाही.

त्यांनी पोरांना सरळ धोंडप्पाच्या रानात नेलं. धोंडप्पाची लेक चन्नम्मा त्यांच्याच वर्गात होती. तिला शाळेत आणण्यासाठी त्यांनी धोंडप्पाच्या ओसरीवर चकरा मारून वहाणा झिजवल्या होत्या. मुलींच्या नावानं शाळेत तेवढी ती एकच.

दोरी पडलेली पाहून बांधावरची गजराबाई, चन्नम्माची आई, खुरपं टाकून उठली. "मास्तर, ही दोरी कशापायी वो? लेव्हीची हाय का?"

"न्हाय वो गजराबाई! लेकरान्ला रोप दावायचंय."

गजराबाईचा चेहरा काही सैल झाला नाही, पण मास्तरांपुढं काय बोलणार?

पोरं चौकोनाभोवती पालथी पडली. मास्तरांनी घसा खाकरला आणि युक्ती काढली. "या रानात टारफुला लई हाय बरं का. ज्वारी बुडाली समजा."

टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळावर पोसणारं तण. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. चन्नम्मानं मात्र ताटांच्या बुडाशी डोकं खुपसलं, काडीनं माती उकरली आणि पांढऱ्या फुलाचं एक इवलंसं झाड मुळासकट वर काढलं. त्याचं मूळ ज्वारीच्या मुळाला जळवेसारखं चिकटलेलं होतं.

"चुकलात मास्तर! लई न्हाय, एकच हाय. ताटं चांगली हैत, कणसं भरल्यात!"

"शाब्बास! शाब्बास, चन्नम्मा!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की कणसांवरची पाखरं उडाली. घरी जाताना ती पोर वाटभर नाचत गेली.

दोन-चार दिवसांनी गिरदावर आले. शाळा चावडीच्याच एका खणात भरायची, त्यामुळं मधल्या कमानीतून पोरांना सगळं दिसत होतं. धोंडप्पा पटका काढून हात जोडून उभा होता.

"टारफुल्यानं खाल्लं, सायब. हातात काय बी यायचं न्हाय. घरात खाणारी तोंडं लई हैत."

गिरदावरांना दुपारच्या उन्हात रानोमाळ हिंडायची हौस नव्हती. त्यांनी पान लावलं आणि हाक मारली, "मास्तर, जरा इकडं या. तुम्ही याच रानात दोरी टाकली होती म्हणे. तुम्ही सरकारी माणूस, खोटं कशाला बोलाल? कसं आहे पीक?"

ही बातमी चावडीवर कशी आली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. सगळ्या गावानं दोरी पाहिली होती. धोंडप्पानं मान वर केली नाही, पण त्याचे जोडलेले हात मास्तरांकडं वळले. आपण हौसेनं त्याच्या रानात गेलो आणि आपल्याच पायानं त्याच्यावर हे आणलं, हे त्यांना लख्ख कळलं. जन्मात पहिल्यांदा ते सरकारापुढं खोटं बोलले.

"टारफुला लई हाय, साहेब. ज्वारी बुडाली समजा."

कमानीत काहीतरी हललं. चन्नम्मा उठून उभी राहिली होती, हात पाठीशी, मान ताठ, शिकवल्याबरहुकूम. डोळे आनंदानं चमकत होते.

"चुकलात मास्तर! लई न्हाय, एकच व्हता. म्याच हुडकला की! कणसं भरल्यात!"

गिरदावर खो खो हसले. "वा, पोरगी हुशार आहे! कुणाची गं तू?"

"धोंडप्पाची," चन्नम्मा म्हणाली. आणि तिनं मास्तरांकडं पाहिलं. शाबासकी यायची होती अजून.

ती आली नाही. धोंडप्पाच्या नावापुढं सोळा आणे पीक लागलं, म्हणजे पुरी लेव्ही. त्यानं पटका उचलला, डोक्यावर न घालता काखेत धरला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चन्नम्मा शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर रानात गेले. चन्नम्मा पिकातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर, उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती. त्यांना बघून गजराबाईनं पाठ फिरवली.

"धोंडप्पा, माझं चुकलं. पोरीला त्याची सजा नगा देऊ. माझ्या घरची ज्वारी..."

"तुमच्या घरी कुठली आली ज्वारी, मास्तर?" धोंडप्पाच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. "पोरगी खोटं बोलली न्हाय. खोटं म्या बोललो, माझ्यापायी तुमी बोललात. ती इचारती, अप्पा, माझं काय चुकलं? काय सांगू तिला? खरं बोललीस म्हणून घरात दाणा ऱ्हाणार न्हाय, असं सांगू? शाळेत असलंच शिकवत असाल, तर गरिबाला परवडायचं न्हाय ते."

माळ्यावरून चन्नम्मा ओरडली, "मास्तर, तवा शाब्बास म्हनला न्हाईत वो तुमी!"

शब्द मास्तरांच्या ओठापर्यंत आला. समोर धोंडप्पा उभा होता, त्याच्या मागं ती भरलेली कणसं. मास्तर वळले. मागं गोफण सुटल्याचा आवाज झाला, आणि ते चालू लागले.

त्या रात्री रजियाबीनं विचारलं तेव्हा त्यांनी दोरी तिच्या हातात दिली. "कपडे सुखाने को ले."

पुढच्या आठवड्यात त्यांनी एकदा पोरांना चावडीच्या अंगणात बसवलं. चन्नम्माची जागा कुणी घेतली नव्हती, आपसूक मोकळी राहिली होती. अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली मास्तर उभे राहिले. वर लिंबाचा पाला हलत होता, पोरांच्या मांडीवर पिकलेली पानं पडत होती.

"हे झाड बाभळीचं," मास्तर म्हणाले, आणि थांबले.

पोरांनी वर पाहिलं. मग मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं, मग एकमेकांकडं. एकानं चावडीच्या कमानीकडंही बघून घेतलं.

"व्हय, मास्तर," सगळी एका सुरात म्हणाली.

मास्तर बराच वेळ वाट बघत उभे होते. मग त्यांनी पोरांना आत नेलं आणि पुस्तक काढायला सांगितलं. पोरांनी विलायती फुलाचं पान उघडलं.