आंब्याच्या खोलीतली सीतेची वेणी

मी एक जुनी सीतेची वेणी आहे. नाव ऐकून कुणाच्या अंबाड्यावरची वेणी समजू नका. मी झाडाच्या फांदीवर राहते. जाड पट्ट्यांसारखी पानं, हवेत लोंबणारी मुळं आणि उन्हाळा सरता सरता गुलाबी-पांढऱ्या फुलांचा वीतभर लांब घोस, असं माझं रूप. शहाणी माणसं मला बांडगूळ म्हणतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. मी फांदीवर नुसती बसते आणि माझं पाणी हवेतून घेते. पण हे सांगणार कुणाला?

तुम्हाला मित्रांनो म्हणते ते रीत म्हणून. माणसांवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

गारगोटीजवळच्या एका रानात, पिराजी नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या जांभळावर माझा जन्म झाला. एका वळवाच्या वाऱ्यानं फांदी मोडली आणि मी चिखलात पडले. पिराजीची मुलगी विमला हिनं मला उचललं, फणसाच्या लाकडाच्या तुकड्यावर काथ्यानं बांधलं आणि गोठ्याच्या आढ्याला टांगलं. रोज सकाळी ती ओंजळीनं माझ्या मुळांवर पाणी शिंपडायची. बस, एवढंच. तिथं मी दोनदा फुलले.

एकोणीसशे एक्कावन्न साली विमलाचं लग्न झालं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर, नवरा अंबादास कचेरीत कारकून, सासरे तात्या निवृत्त मास्तर. विमलानं हट्टानं मला रुखवतात मांडलं. लाडूंच्या आणि करंज्यांच्या ताटांमध्ये लाकडाला बांधलेलं झाड बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, ते हसणं झोंबलं. त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर आणि मला आणणारीवर दात.

पहिल्या वर्षी तात्यांनी मला लाकडावरून सोडवलं आणि कुंडीत शेणखत भरून त्यात गाडलं. मास्तर माणूस, विचारायची सवय नाही. माझी निम्मी मुळं कुजली. विमलानं एका दुपारी मला उकरून काढलं, कुजकं कापलं, पुन्हा लाकडावर बांधलं आणि त्याबद्दल चार शब्द ऐकून घेतले. पुढच्या चैत्रात मी नवा दांडा काढला. त्याच्यावर बाजरीएवढ्या कळ्या बघून अक्कांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. त्यांनी तिथल्या तिथं अंबाबाईला नवस बोलला, "आई, ह्येची पयली येणी तुलाच वाहीन. माझ्या घरात पाळणा हलू दे."

झालं. त्या क्षणापासून माझ्या कळ्या माझ्या राहिल्या नाहीत.

गल्लीतल्या बायकांची दृष्ट लागू नये म्हणून अक्कांनी मला मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. खोलीला एकच खिडकी, तीही लावलेली. दाराला कुलूप आणि किल्ली अक्कांच्या कमरेला. विमलाला पाणी घालायला दार उघडून मिळायचं तेवढंच. वैशाखात पिराजी गारगोटीहून मोटारीनं आंब्याच्या दोन पाट्या घेऊन आला. लेकीच्या घरी जायचे म्हणून एकेक आंबा पारखून उतरवलेला. अक्कांनी त्याच खोलीत, माझ्या खुंटीच्या अगदी खाली, आंबे पिकायला भाताच्या पिंजराची, वाळल्या पेंढ्याची, आढी घातली. आंब्याचे थर, पिंजराचे थर, वरून पोती. दार बंद.

मित्रांनो, आता नीट ऐका. पिकणारं फळ हवेत काहीतरी सोडतं. तुम्हाला त्याचा गोड वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. माझ्या कळीला ती हवा विषासारखी लागते. उघड्या रानात वारा ती उडवून नेतो. कोंडलेल्या खोलीत ती साचते. पाचव्या दिवशी माझ्या कळ्या पिवळ्या पडल्या. आठव्या दिवशी त्या टपटप पोत्यांवर गळल्या.

अक्कांनी दार उघडलं, गळलेल्या कळ्या पाहिल्या आणि वळून विमलाकडं पाहिलं.

"काल कोण आलतं आत?"

"मीच आलते की, पाणी घालाय," विमला म्हणाली.

"तुझी नजरच वंगाळ हाय! देवीनं येणी नाकारली. तुझ्या पायगुणानं माझ्या घरात काय बी धरंना."

मग उपाय सुरू झाले. मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या आणि तो धूर माझ्याच अंगावर घेतला. कुणी सांगितलं म्हणून ताक ओतलं. कुणी सांगितलं म्हणून रोज खुंटी बदलली, आज या भिंतीला, उद्या त्या भिंतीला. कळी धरलेल्या झाडाची जागा सारखी बदलली तर ते बावचळतं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण आंबे मात्र कुणी हलवले नाहीत. कसे हलवतील? ते तर पिकत होते, आणि रोज जेवताना रसाच्या वाट्या भरत होत्या!

त्रेपन्न साली तेच झालं. चौपन्न साली तेच झालं. विमलाच्या बापाचे आंबे खाऊन बोटं चाटायची आणि त्याच तोंडानं विमलाला पांढऱ्या पायाची म्हणायचं. चौपन्नच्या वैशाखात पिराजी पाट्या उतरवत होता तेव्हा अक्का त्याच्या तोंडावर बोलल्या, "पावणं, आंबं ग्वाड हायती, पर लेक कडू दिलीसा." पिराजीनं मुंडाशानं तोंड पुसलं. अंबादास तिथंच उभा होता. तो वर्तमानपत्र वाचत राहिला. त्या माणसाचा मला जेवढा राग आहे तेवढा अक्कांचाही नाही.

पंचावन्नच्या संक्रांतीनंतर अक्कांनी निकाल लावला. "माहेरला जा. बोलावल्याबिगर यायचं न्हाय." विमलानं ट्रंक भरली. जाताना ती माझ्यापाशी आली, पानांवरची धूळ पदरानं पुसली आणि मला न्यायला हात घातला. अक्का दारातून ओरडल्या, "त्याला हात लावू नगंस! त्ये नवसाचं हाय." अंबादास ट्रंक घेऊन पुढं निघाला होता. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आणि त्या वैशाखात मी फुलले.

का नाही फुलणार? लेकच घरात नाही, तर पिराजी आंबे आणणार कुणासाठी? आढी नव्हती. रिकाम्या खोलीची खिडकी तात्यांनी उघडली होती आणि सकाळी आठवणीनं तेच पाणी शिंपडत होते. पहिला घोस असा भरला की दांडा वाकला. अक्कांनी तो कापला, अंबाबाईला वाहिला आणि येताना शेजारच्या झुंबरबाईंना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "बघा की! पीडा गेली आन येणी फुलली. आता तरी पटलं का न्हाय?"

सगळ्यांना पटलं. मित्रांनो, जिनं मला चिखलातून उचललं तिच्यावर माझ्याच फुलांनी शिक्का मारला. मी झाड आहे, मला जीभ नाही. त्या दिवशी वाटलं, खुंटीवरून खाली पडावं आणि मरावं.

पण दुसऱ्या दांड्यावर अजून कळ्या होत्या. नवस फिटल्याच्या आनंदात अक्कांनी अंबादासला बाजारातून दोन शेकडा आंबे आणायला लावले. आढी कुठं घालायची? नेहमीच्या जागी! खिडकी लावली, पोती टाकली, कुलूप घातलं. मी म्हटलं, घाला. घाला एकदाची.

पाचव्या दिवशी कळ्या पिवळ्या पडल्या. आठव्या दिवशी गळल्या.

अक्का दारात खिळून उभ्या राहिल्या. "कोण आलतं आत?"

तात्या मागून म्हणाले, "किल्ली तुझ्याच कमरंला हाय की."

"मग ह्ये..."

"आता कुणाची नजर लागली ती सांग. सून तर गारगोटीला हाय."

तात्या खाली बसले. त्यांनी पोतं उचललं, पिंजर बाजूला सारलं. कोंडलेला वास भप्पकन वर आला. त्यांनी वर माझ्याकडं पाहिलं, परत आंब्यांकडं पाहिलं, आणि मग लावलेल्या खिडकीकडं पाहिलं. तीस वर्षं पोरांच्या चुका काढलेला माणूस. त्या दिवशी तो स्वतःची काढत होता.

दोन दिवसांनी तात्यांनी मला धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि गारगोटीची मोटार धरली. विमला आता तिथल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होती. ती घरी आली तेव्हा तात्या पिराजीच्या घराच्या पुढच्या सोप्यात पाण्याच्या तांब्याला हात न लावता बसले होते.

"पोरी, दोष आंब्याचा हुता," ते म्हणाले. "खोलीत आढी असली की कळ्या गळत्यात. ह्या साली माझ्या डोळ्यानं बघितलं. तुझा काय बी दोष न्हवता. चल घरला."

विमलानं मला त्यांच्या हातातून घेतलं. माझी मुळं चाचपून पाहिली. मग विचारलं, "मामंजी, ह्ये का न्हाय आलं?"

तात्यांनी मोकळं फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं.

"माझा दोष न्हाय, ह्ये मी तीन वर्सं सांगत हुते," विमला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं न्हाय ऐकलंसा. झाडानं सांगितल्यावर ऐकलंसा. उद्या आणि काय गळलं, तर परत झाडालाच इचारणार व्हय? ही ऱ्हाऊ दे हितंच. मी न्हाय येत."

पिराजी लेकीला काही बोलेल असं मला वाटलं होतं. लोक काय म्हणतील, नांदत्या घरी जा, असलं काहीतरी. तो उठला आणि तात्यांना म्हणाला, "पावणं, च्या घेऊन जावा. चारची मोटार हाय."

तात्या रिकाम्या हातानं गेले.

मी आता विमलाच्या सोप्याबाहेर, वाऱ्यावर टांगलेली आहे. आंब्याची आढी लांब, गोठ्याच्या माळ्यावर असते. मित्रांनो, आम्हाला सांभाळायचं तर फार काही लागत नाही. मोकळी हवा द्या, सकाळी पाणी शिंपडा, कळी धरली की जागा हलवू नका, धूर आणि पिकती फळं लांब ठेवा. तरीही कळी गळली तर कारण शोधा. सापडलं नाही तर गप्प बसा, पण घरातल्या माणसाकडं बोट दाखवू नका. मी दरसाल नवा दांडा काढते, एका वर्षाच्या कळ्या गेल्या तर पुढच्या वर्षी देते. मंगळवार पेठेतल्या त्या घरानं सून घालवली, ती मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही.