दहावीच्या पेपरला गेलेला भाता

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिले असेल. तुमच्या घरी आता स्टीलची भांडी आहेत. त्यांना कल्हई लागत नाही आणि कल्हई लागत नाही तिथे मीही लागत नाही. मी जव्हारच्या जहीर कल्हईवाल्याचा भाता आहे. वय विचाराल तर नक्की सांगता येणार नाही. चामडे काळे पडले आहे आणि तीन ठिकाणी ठिगळे आहेत.

जव्हारच्याच एका चांभाराने मला बकऱ्याच्या कातड्यापासून शिवले. तोंडाला दोन लाकडी पट्ट्या लावल्या आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी नळी बसवली. पट्ट्या उघडून मला वर उचलायचे, मग मिटून खाली दाबायचे. नळीतून वारा निघतो आणि खड्ड्यातले कोळसे लाल होतात. काम एवढेच, पण त्याला दोन माणसे लागतात. एकाने मला चालवायचे आणि दुसऱ्याने भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकायची, कथील लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. नवसागराचा पांढरा धूर घशाला झोंबतो. तो गेला की काळे पातेले आतून चांदीसारखे होते. पोशेरा गावच्या बायका त्यात तोंड पाहून हसत.

मला चालवायला जहीरचा मुलगा बासित बसे. आठ वर्षांचा होता तेव्हापासून. त्याचा हात फार सारखा होता. घाई नाही, खंड नाही. त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेली बहीण मदीना बाजूला बसून कापूस पिंजून देई. आम्ही एसटीने, जीपने, कधी जहीरच्या सायकलवर बांधून दाभोसा, पोशेरा, मोखाडा असे फिरलो. पोशेऱ्याची हौशी नावाची एक म्हातारी दर दिवाळीला भांडी आणी. ती म्हणे, "जहीरभाई, भाता पोराच्या हातात दे. तुझ्या हातात तो रडतो." ते माझे चांगले दिवस होते.

मग काम कमी झाले. १९९४ साली बासित भिवंडीला कापडाच्या लूमवर गेला. दोन वर्षांनी त्याच्या बरोबरचा अरसलान त्याला एसटीने परत घेऊन आला. बासितची मान खाली होती, नाक गळत होते. अरसलान दारातच उभा राहून म्हणाला, "चचा, इसको गर्द लग गया है. संभालो." आणि त्याच गाडीने तो परत गेला.

इथे एक चूक झाली. जहीरच्या घरात गर्द म्हणजे धूळ. टोपीवर गर्द बसते, ताकावरच्या डब्यावर गर्द बसते. ताकावर म्हणजे फळीवर. जहीर म्हणाला, "लूमवर कापसाची धूळ छातीत जातेच. गूळ खायला द्या." बासितच्या अम्मीने रोज गूळ दिला, हळद घालून दूध दिले. गर्द हे एका नशेच्या पावडरीचेही नाव आहे, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. बासितने गूळ खाल्ला आणि काही सांगितले नाही. असे तीन महिने गेले.

दिवाळीच्या आधी हौशी भांडी घेऊन आली. बासित माझ्यापाशी बसला होता, पण हात थांबत होता. हौशी म्हणाली, "आरं जहीरभाई, तुझा पोऱ्या वाळून काडी झाला ना! भात्यात वारा भरतोस, पोऱ्याच्या पोटात काय भरत नाय?"

जहीर हसला. त्याने तापलेल्या पातेल्यात डब्यातली चिमूट टाकली. पण पांढरा धूर आला नाही. पिवळट धूर आला. वास जळक्या साखरेसारखा, थोडा आंबट होता. कथील धरेना.

"हा नवसागर कसला?" जहीरने विचारले.

अम्मी आतून म्हणाली, "बासितच्या सदऱ्यात पुडी होती. मला वाटलं ओल लागून नवसागर पिवळा पडला. वाया कशाला घालवायचा, म्हणून डब्यात ओतला."

तेवढ्यात बासितने मला सोडले. तो पातेल्यावर झुकला आणि त्याने तोंड त्या धुरात घातले. गाल कडेला लागून भाजला तरी तो मागे हटला नाही. जहीरने सांडशीने पातेले लांब ओढले. तसा बासित गुडघ्यांवर त्या पातेल्याच्या मागे गेला.

हौशीने पदर तोंडाला लावला. जहीरने सांडशी खाली ठेवली आणि तो म्हणाला, "गर्द." एवढेच.

पुढच्या सव्वादोन वर्षांबद्दल सांगण्यासारखे फार आहे, आणि फार काही नाही. नाशिकच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात बासित दोनदा राहून आला. दोन्ही वेळा बरा दिसला आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाले. घरातली तांब्याची कळशी गेली. नंतर एका गिऱ्हाइकाचा हंडा गेला. तेव्हापासून लोक भांडी ठेवून जाईनात. समोर बसून कल्हई करून घेत आणि लगेच उचलून नेत. जहीर मान वर करीत नसे. घरात तीनच प्रश्न उरले होते. बासित उठला का? बासित जेवला का? बासित कुठे आहे?

मला चालवायला आता मदीना बसू लागली. ती शाळेतून आली की दप्तर ठेवून सरळ माझ्याकडे येई. दोन्ही हात माझ्यात अडकलेले, म्हणून पुस्तकावर दगड ठेवून ते जमिनीवर उघडे करी आणि मोठ्याने वाची. चार अक्षरे मला आली ती तिच्यामुळे, उतारवयात. पण पान उलटायला कोणी नव्हते. कोळसे लाल राहावेत म्हणून ती तेच पान पुन्हा पुन्हा वाची. घरात तिला कोणी रागावत नव्हते. कोणी काही म्हणतच नव्हते. ती रडत नसे. हसतही नसे. तिचा हातही सारखा होता, पण बासितचा जसा होता तसा नव्हे. लाकडाचा हात असावा तसा.

१९९९ च्या फेब्रुवारीत तिच्या वर्गशिक्षिका मंजुषाबाई घरी आल्या. अम्मीने त्यांना पाट दिला आणि आपणहून सुरुवात केली, "आता बरा आहे बाई. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. झोपतो मात्र फार."

"मी बासितचं विचारायला नाही आले," बाई म्हणाल्या. "मदीनाचं विचारायला आले. हॉलतिकीट न्यायला का आली नाही?"

"कसलं तिकीट?" जहीरने विचारले.

"दहावीच्या परीक्षेचं. बारा दिवस राहिलेत."

जहीरने अम्मीकडे पाहिले. मग तो म्हणाला, "बाई, तुमची काहीतरी चूक होते आहे. आमची मदीना आठवीत आहे."

मदीना मला दाबत होती. तिने हात थांबवला नाही.

बाईंनी पिशवीतून हॉलतिकीट काढले आणि जहीरच्या हातात दिले. त्यावर मदीनाचा फोटो होता. त्याने तो पुष्कळ वेळ पाहिला. "आठवीत होतीस ना गं?" त्याने विचारले.

"होते," मदीना म्हणाली. "भाई आला तेव्हा."

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी अम्मीची हाक आली. बासितचा बिछाना रिकामा होता. कपड्यांची पिशवीही नव्हती. जहीर त्या दिवशी दाभोशाला जाणार होता, म्हणून मी सायकलच्या कॅरिअरवर बांधलेला होतो. अम्मी ओरडली, "अहो, तुम्ही बाजारात बघा! मदीना, तू डेपोत पळ!"

मदीना गणवेश घालून तयार होती. तिने हातातली कंपासपेटी खाली ठेवली आणि डेपोत जायला चपला घातल्या. जहीर त्या कंपासपेटीकडे बघत राहिला. मग त्याने ती उचलून तिच्या हातात दिली.

"चल. पेपरला चल."

"आणि बासित?" अम्मीने विचारले. जहीरने सायकल स्टँडवरून काढली.

शाळेच्या फाटकाशी मदीना थांबली. "अब्बा, माझा बाक खिडकीजवळ आहे. फाटक दिसतं. तुम्ही त्याला शोधायला गेलात तर मला कळेल. मग माझ्याने लिहिलं जायचं नाही. मीही उठून येईन."

"मी हलणार नाही," जहीर म्हणाला. "जा."

अकराची घंटा झाली. जहीर सायकल धरून उन्हात उभा राहिला. थोड्या वेळाने डेपोत हमाली करणारा रघ्या पळत आला.

"जहीरभाई, हिथं काय उभा? तुझा बासित ठाण्याच्या गाडीत बसलाय! दहा मिनटात गाडी सुटंल. चल लवकर!"

जहीरचा हात सायकलच्या दांड्यावर घट्ट झाला. चाक थोडे पुढे गेले, हे मला जाणवले. त्याने खिडकीकडे पाहिले. मदीनाची वेणी दिसत होती. तिची मान फाटकाकडे वळलेली होती.

चाक मागे आले.

"रघ्या, तू जा. त्याला सांग, अब्बा शाळेच्या फाटकाशी उभे आहेत. म्हणावं, उतरून ये. मी काही बोलणार नाही."

"आरं, माझं कशाला ऐकंल तो? तू चल ना बाबा!"

"मला इथून हलता येत नाही."

रघ्या पळत गेला. मदीनाने मान खाली घातली आणि लिहू लागली. काही वेळाने ठाण्याची गाडी शाळेवरूनच गेली. जहीरने गाडीकडे पाहिले नाही. खिडकीतून पाहणाऱ्या मुलीला वडिलांचे तोंड दिसते, हे त्याला ठाऊक होते.

दोन वाजता मदीना बाहेर आली. "भाई सापडला?"

"नाही," जहीर म्हणाला. मग थांबून त्याने विचारले, "पेपर कसा गेला?"

ह्या प्रश्नाला काय म्हणायचे असते तेच ती विसरली होती.

बासितची पुढे खबर नाही. मदीना पास झाली, शिकली आणि आता मोखाड्याला नर्स आहे. जहीर आणि रघ्याने तो दिवस कोणाला सांगितला नाही. मी आज तुम्हाला सांगतो आहे. जहीरचे बरोबर होते की चूक, हे मला विचारू नका. मी कातड्याचा आहे. ते मला ठरवता येत नाही.

पण मित्रांनो, एक सांगतो. कोणाच्या खिशात ओळख नसलेली पुडी दिसली, तर तिला नवसागर समजू नका. मोठ्या माणसाला दाखवा आणि तिचे नाव विचारा. एखादा शब्द कळला नाही तर तोही विचारा. तीन महिने फार असतात. आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी असेल, जिच्या घरी सगळे दुसऱ्याच कोणाला तरी शोधत असतात. ती काही मागणार नाही. तिच्या शेजारी बसा आणि तिच्या पुस्तकाचे पान उलटून द्या.