मागच्या पडवीची रेघ

जैबुन्निसानं ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला आणि ऑफिसच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर वाकून ती आपलं घर शोधू लागली. मृणालीनं तिचं बोट अलगद धरून रस्त्यावर ठेवलं आणि तिथून फाटकाशी, मग ओट्याशी नेलं. पुढे ते बोट आपलं आपणच चालू लागलं.

श्रीवर्धनला वाडीतलं ते घर. पुढं नारळ, मागं सुपारी. नवरा नजमुद्दीनभाई गेल्यापासून त्यात जैबुन्निसा एकटीच राहत होती. मुलगा हुझैफा दोहाला नोकरी करत होता. त्यानं आता घराचं लॉज करायचं ठरवलं होतं आणि ते काम केतनच्या ऑफिसकडे आलं होतं. केतन इंजिनीअर, मृणाली त्याची ड्राफ्ट्समन. नकाशाची एक प्रत अम्मीला द्या, असा हुझैफाचा निरोप होता.

"यातलं माझं काय राहतं नि काय जातं, ते सांग," जैबुन्निसा म्हणाली.

"सोपं आहे, चाची. अखंड रेघ म्हणजे राहणार. तुटक म्हणजे पाडायचं."

बोट स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दाराबाहेर गेलं आणि तिथल्या लांबट चौकोनाभोवती फिरलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, सावकाश.

"ही पडवी. ही तर अखंड हाय."

मृणालीनं वाकून पाहिलं. रेघ अखंडच होती. ती "हो" म्हणाली, आणि म्हणतानाच आत काहीतरी खटकलं. तेवढ्यात केतनचा साइटवरून फोन आला. तो ठेवून ती वळली तेव्हा जैबुन्निसा नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन जिना उतरून गेली होती.

मृणालीनं कॉम्प्युटरवर नकाशाची फाइल उघडली. पडवी पाडायची होती. तिथं पाहुण्यांच्या दोन खोल्या येणार होत्या, हुझैफानंच तसं कळवलं होतं. पाडकामाच्या रेघांचा लेयर, म्हणजे त्या रेघांचा वेगळा थर, तिनं दुसऱ्या एका ड्रॉइंगमधून उचलून आणला होता. ते ड्रॉइंग मीटरमध्ये होतं, हे मिलिमीटरमध्ये. रेघा तुटकच होत्या, पण लाइनटाइपचा स्केल, म्हणजे तुटक रेघेच्या तुकड्यांचं माप, बदलायचा राहिला होता. त्यामुळे तुकडे इतके बारीक झाले होते की मधल्या फटी मिटूनच गेल्या होत्या. पडद्यावर पाडकामाच्या रेघा पिवळ्या दिसायच्या, म्हणून तिच्या कधी लक्षात आलं नाही. कागदावर सगळंच काळं.

स्केल दुरुस्त करायला काहीच वेळ लागला नाही. पडवी पडद्यावर तुकड्या-तुकड्यांची झाली. मृणाली तिच्याकडे बघत बसली.

त्या पडवीत ती मोजमापाला गेली होती. सुपारीचे दिवस होते. वाडीतल्या बाया पाटांवर बसून सुपारी सोलत होत्या; तुळशी होती, केसर होती, आणखी कितीतरी जणी होत्या. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्यांचं असं बोलणं चाललं होतं आणि मधोमध जैबुन्निसा चहाची किटली घेऊन बसली होती. बायांनी हसत हसत टेपचं एक टोक धरून दिलं होतं.

केतन आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. अम्मीशी मी स्वतः बोलेन असं हुझैफा महिनाभर म्हणतोय, अजून बोलला नसावा, एवढंच तो म्हणाला. आधी त्यालाच फोन करायचा असं ठरलं.

मृणालीनं मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. चूक माझी आहे, दुरुस्त नकाशा आजच पाठवते, चाचींना मी स्वतः जाऊन सांगते. हुझैफानं ते पुरतं ऐकून घेतलं.

"अम्मीचा फोन येऊन गेला," तो म्हणाला. "पडवी ठेवली म्हणून मला खूप दुवा दिली तिनं. अब्बा गेल्यापासून इतकी कधी बोलली नव्हती."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काही नाही सांगता आलं," तो म्हणाला. "असं करा मॅडम, त्या रेघा आता खरंच अखंड करून टाका. खोल्यांचं बघू, वर चढवता येतील. अम्मीला यातलं काही कळू देऊ नका."

मृणालीनं पडवीच्या रेघा पाडकामाच्या लेयरमधून काढून राहणाऱ्या भिंतींच्या लेयरमध्ये टाकल्या. दोन्ही खोल्या वरच्या मजल्यावर बसवायला तिला पुढचे दोन दिवस लागले. केतननं जिना कुठून घ्यायचा ते सुचवलं.

नवा नकाशा द्यायला ती स्वतःच गेली. जैबुन्निसानं तिला पुढच्या खोलीत बसवलं, पण बसायला जागा अशी नव्हतीच. पाट, सुपं, किटली, विळ्या पोत्यात बांधून भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. पोत्यांवर धुळीचा थर होता आणि एका गाठीत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"हे सगळं मागच्या पडवीतलं ना?" मृणालीनं विचारलं.

"व्हय. कुलदीप ठेकेदार मागं माप घ्यायला आला व्हता, तेव्हा बोलला, पडवी जाणार. मग बायांना सांगितलं, काढून ठेवा सामान."

मृणालीच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? ऑफिसात आलात तेव्हाही?"

जैबुन्निसा खाली बसून एका पोत्याची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, तिनं ती दातांनी सैल केली.

"हुझैफाजवळ मागितलं असतं, तर त्यानं मला हिशेब समजावला असता. हिशेब त्याचा बरोबरच हाय," ती म्हणाली. "तुझ्या कागदावर अखंड दिसली. मी दुवा दिली, बाकी काय बोलले न्हाय."

तिनं पोत्यातून किटली काढली, आत डोकावून पाहिलं आणि बाजूला ठेवली. मग पाटांच्या पोत्याचं एक टोक उचलून मृणालीकडे बघितलं.

मृणालीनं नकाशा कोनाड्यात ठेवला, पर्स खांद्यावरून काढली आणि दुसरं टोक धरलं.

"सांभाळून," जैबुन्निसा म्हणाली, "मागच्या दाराला उंबरा हाय."